बेडकांची अंडी मोजण्यात आयुष्य घालवावं का?

प्रश्न : ताई, मी एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला बेडकांच्या प्रजननावर पीएच.डी. करायची आहे. पण घरी आणि विभागातही एकच सूर आहे : ‘कोणत्या बेडकाने किती अंडी घातली हे मोजून काय साधणार? डीएनएवर काम कर.’ नुसत्या निरीक्षणावर संशोधनाचं आयुष्य उभं राहतं का?

उत्तर : राहतं, आणि भक्कम राहतं. माझं स्वतःचं आयुष्य याच कामात गेलं, पण तुला माझ्यापेक्षा मोठं उदाहरण देते.

मार्था क्रम्प या अमेरिकी जीवशास्त्रज्ञ. कॅन्सस विद्यापीठात विल्यम ड्युएलमन यांच्या विद्यार्थिनी असताना त्या इक्वेडोरमधल्या ॲमेझॉनच्या जंगलात, सांता सेसिलियाला गेल्या. त्यांचा प्रश्न अगदी साधा होता. एकाच जंगलात इतक्या जातींचे बेडूक नांदतात, तर प्रत्येक जात अंडी कुठे, केव्हा, किती आणि केवढी घालते? हे काम १९७४ मध्ये प्रसिद्ध झालं. कुणी साचलेल्या पाण्यात अंडी घालतं, कुणी पाण्यावर झुकलेल्या पानावर, कुणी फेसाच्या घरट्यात. कुणी तर ओल्या पाचोळ्यातच घालतं आणि तिथे अंड्यातून टॅडपोल (बेडकाचं शेपटीवालं, पाण्यात पोहणारं पिल्लू) न निघता थेट इवलासा बेडूक बाहेर येतो. कोणाचं प्रजनन कशावर अवलंबून आहे हे कळलं, की कोणती जात कशाने संपेल याचाही अंदाज येतो. म्हणून मला ही मोजदाद किरकोळ वाटत नाही.

त्यातूनच पुढचा प्रश्न निघाला. अंडं मोठं तर आत पिवळा बलक जास्त आणि बाहेर येणारं पिल्लूही दणकट. पण मादीच्या पोटात जागा तेवढीच, म्हणजे अंडी मोठी हवी असतील तर ती थोडीच घालता येतात. मग एका मादीची सगळी अंडी एका मापाची का नसतात? क्रम्प यांनी १९८१ मध्ये वृक्षबेडकांवर जो निबंध लिहिला, त्यात याचा संबंध पाण्याच्या भरवशाशी जोडला. बारमाही तळ्यात पुढे काय होणार ते बरंचसं ठरलेलं असतं. आज भरलेलं आणि उद्या कदाचित आटणारं डबकं असेल, तर लहानमोठी अंडी मिसळून घालण्यात फायदा असू शकतो. पावसाचा भरवसा नसला की शेतकरीही सगळं बियाणं एकाच दिवशी पेरत नाही. हे सगळं कळलं ते सूक्ष्मदर्शकाखाली एकेका अंड्याचा व्यास मोजून.

आता ‘काय साधणार’ याचं खरं उत्तर. कोस्टा रिकातल्या माँतेव्हेर्देच्या ढगाळ जंगलात सोनेरी भेक (बेडकाचाच एक भाऊबंद, इंग्रजीत ‘गोल्डन टोड’) राहत असे. नर झगझगीत नारिंगी, मादी काळपट आणि अंगावर पिवळ्या कडेचे लाल ठिपके. वर्षभर हे प्राणी नजरेलाच पडत नसत. पावसाच्या तोंडाशी थोडे दिवस झाडांच्या मुळांतल्या डबक्यांवर झुंडीने जमत, अंडी घालत आणि पुन्हा गडप होत. १९८७ च्या वसंतात क्रम्प यांनी तिथे पंधराशेहून अधिक भेक पाहिले. त्या वर्षी डबकी लवकर आटली आणि बहुतेक अंडी वाया गेली. १९८८ मध्ये त्याच जागी एकच नर दिसला. १९८९ मध्येही एकच, आणि त्यानंतर आजवर एकही नाही. २००४ मध्ये ही जात नामशेष म्हणून नोंदली गेली.

१९८७ मध्ये कोणी मोजलंच नसतं, तर ८८ चा तो ‘एक’ कुणाला बोचला असता? झुंडीने प्रजनन करणारा प्राणी एखाद्या वर्षी दिसला नाही तर ‘यंदा पाऊस बरोबर पडला नाही’ म्हणून सोडून देणं फार सोपं असतं. आधीची नोंद हाताशी होती, म्हणून प्रश्न विचारता आला. संशोधक ॲलन पाउंड्स आणि क्रम्प यांनी १९९४ मध्ये या ऱ्हासाची हवामानाशी सांगड घालणारा निबंध लिहिला. उभयचरांना मारणाऱ्या कायट्रिड बुरशीचं शास्त्रीय वर्णन १९९९ मध्ये झालं आणि ऱ्हासाच्या चर्चेत तीही आली. बुरशी ओळखायला प्रयोगशाळाच लागते. तेव्हा डीएनएवाल्यांशी भांडू नकोस, त्यांच्याकडून शीक. फक्त तुझा प्रश्न तळ्याकाठी सुचलेला असू दे.

आणि पाहण्यासारखं संपलं असं कुणी म्हणालं तर त्यांना आपल्याच सह्याद्रीतल्या ‘बॉम्बे नाइट फ्रॉग’ची गोष्ट सांग. बेडकांची आलिंगनं, म्हणजे मीलनावेळी नराने मादीला धरण्याच्या पद्धती, सहा प्रकारची, असं पाठ्यपुस्तकांत असे. २०१६ मध्ये या बेडकाचं सातवं प्रकाशित झालं. नर मादीला धरतच नाही. तो तिच्या वर राहून हात पानावर किंवा फांदीवर टेकवतो आणि शुक्राणू तिच्या पाठीवर सोडतो. ते ओघळून अंड्यांपर्यंत पोहोचतात. या जातीत मादीही साद घालते. यातलं बहुतेक सगळं पावसाळी रात्री जागून, चित्रीकरण करून कळलं.

कामाचं स्वरूप मात्र नीट समजून घे. हंगाम छोटा असतो आणि पाऊस लांबला तर वर्षाची विदा (डेटा) हातची जाते. म्हणून प्रबंधाला अशी जात निवड जी मुबलक आहे. दुर्मीळ जातीच्या मोहात पडू नकोस, नमुने पुरणार नाहीत. तापमान, पाण्याची खोली आणि पाऊस रोज एकाच वेळी नोंद. पकडण्याआधी वनखात्याची परवानगी हवीच.

पहिल्याच आठवड्यात अंड्यांकडे असं बघ. ताज्या अंड्याचा एक अर्धा भाग गडद असतो, दुसरा फिका. फलन झालं की थोड्या वेळात अंडं आवरणाच्या आत आपोआप फिरतं आणि गडद बाजू वर येते. फलन न झालेल्या अंड्यांत गडद-फिकं कसंही राहतं. दोन-तीन दिवसांत ती पांढुरकी पडतात आणि त्यांच्यावर बुरशीचे धागे दिसू लागतात. भिंगातून मोजलेस तर त्या पुंजक्यात फलन किती झालं ते तुझ्या तुलाच सांगता येईल. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा दुसरं काही करावंसंच वाटेना.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. डबक्यातले टॅडपोल नव्या अंड्यांवर तुटून पडताना पाहिले. ती अंडी घरी आणून वाढवावीत आणि मोठी झाल्यावर चांगल्या तळ्यात सोडावीत, असं मुलं म्हणतात. योग्य ठरेल का?

उत्तर : सर, मुलांचा कळवळा समजतो, पण नाही. आटत्या डबक्यात अन्न कमी असतं आणि पाय फुटून बाहेर पडायला वेळही कमी. माँतेव्हेर्देतल्या एका वृक्षबेडकाचे टॅडपोल आपल्याच जातीची अंडी आणि नवी पिल्लं खातात, हे क्रम्प यांनीच १९८३ मध्ये मांडलं. तात्पुरत्या डबक्यात अशा खाण्यातून काहींना लवकर वाढता येत असावं. आपण मध्ये पडून गणित बिघडवायचं कारण नाही.

दुसऱ्या तळ्यात तर अजिबात सोडू नका. त्यांच्याबरोबर कायट्रिडही जाऊ शकते. मुलांना काठावर बसून वहीत तारीख, पाऊस आणि अंड्यांचे पुंजके लिहायला सांगा. परतताना बूट आणि जाळी घासून धुऊन, नीट वाळवून मगच दुसऱ्या पाण्याकडे न्या.