वाचकांचे प्रश्न : उघड्यावरची अवजारे आणि त्यांच्या बुडाशी वाढणारे तण

प्रश्न : शेडमध्ये जागा नसल्याने पल्टी नांगर, रोटाव्हेटर आणि पेरणी यंत्र उघड्यावर ठेवावे लागते. पावसाळ्यात त्यांच्याभोवती कमरेएवढे गवत होते. कापले तरी पंधरा दिवसांत पुन्हा येते. कायमचा उपाय काय?

गवत परत येते ते बहुधा यंत्राच्या बुडातून. बाहेरचे विळ्याने किंवा ग्रास कटरने निघते, पण दोन फाळांच्या मधले आणि चाकामागचे तसेच राहते. त्याचेच बी नंतर सगळीकडे पडते. त्यातून हरळी किंवा लव्हाळा असेल तर वरून कापून काहीच साधत नाही. हरळी जमिनीलगतच्या आणि जमिनीखालच्या धावत्या खोडांतून फुटते, लव्हाळा गाठींतून. म्हणून यंत्र जागेवर ठेवून तणाशी झगडू नका. एकदा यंत्रे हलवा, जमीन तयार करा आणि मगच ती परत ठेवा.

हे काम पावसाळ्याआधी करा. वरची १० सेंमी माती गवताच्या मुळांसकट काढून टाका. हरळीचे तुकडे वेचून जागेपासून दूर न्या, कारण एका पेरातूनही ती पुन्हा धरते. जमिनीला एका बाजूला मीटरमागे २ सेंमी उतार द्या, नाहीतर पाणी साचून खडीत चिखल होतो. मग धुम्मस करून जाड विणलेले जिओटेक्स्टाइल कापड अंथरा आणि जोडावर किमान ३० सेंमी एकावर एक येऊ द्या. त्यावर २० ते ४० मिमीच्या फोडलेल्या खडीचा थर द्या. हलक्या अवजारांना १० सेंमी पुरे, ट्रॉली किंवा मळणी यंत्र उभे करायचे असेल तर १५ सेंमी हवा. ६ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद जागेला १० सेंमी थरासाठी साधारण २ घनमीटर खडी लागते.

कापडावर खर्च कशाला, असे वाटेल. काळ्या मातीवर नुसती खडी टाकली की चाकांच्या भाराने ती मातीत रुतते आणि माती वर येते. कापड ते थांबवते. त्याऐवजी मल्चिंगची पातळ फिल्म वापरू नका. ती खडीच्या टोकांनी फाटते, पाणी जिरू देत नाही आणि लव्हाळ्याचे टोकदार कोंब ती सहज भोसकतात. मुरूम तर तणाला आवडतोच, कारण त्यात बारीक माती असते. खडीही चाळलेली, भुकटी नसलेली घ्या.

दोन यंत्रांमध्ये एक ते सव्वा मीटर मोकळी वाट ठेवा. सगळी यंत्रे एकमेकांना खेटून ठेवली तर मधल्या पट्ट्यात ना विळा जातो ना फवारा. फाळ, तवे, दाते मातीला टेकू देऊ नका. लाकडी ओंडक्यावर किंवा सिमेंटच्या ठोकळ्यावर टेकवले की खालून हात फिरतो आणि लोखंड ओल धरत नाही. मातीला टेकलेला, गवताने झाकलेला फाळ दव आणि पावसाने सतत ओला राहतो आणि तिथूनच गंज सुरू होतो. दाट गवतात उंदीरही घर करतात आणि वायरी कुरतडतात.

एवढे करूनही वाऱ्याने धूळ आणि बी येऊन खडीवर तण उगवेलच. ते दोन ते चार पानांवर असताना उपटले तर काम काही मिनिटांचे असते.

प्रश्न : यंत्राभोवती ग्लायफोसेट हे तणनाशक फवारले तर लोखंडाला धोका आहे का? काहीजण मीठ टाकायला सांगतात.

मीठ मुळीच नको. ते हवेतली ओल ओढते आणि गंजाचा वेग कितीतरी वाढवते. शिवाय पावसाच्या पाण्याबरोबर शेजारच्या पिकात उतरते. व्हिनेगरही आम्लच आहे. ते कोवळी पाने करपवते, मुळे जिवंत ठेवते आणि लोखंडाला लागले तर तेही खाते.

ग्लायफोसेटचे द्रावणही धातूला पोषक नाही. रंगलेल्या भागावर थोडे उडाले तर लगेच साध्या पाण्याने धुवा. उघड्या, घासून चकचकीत झालेल्या फाळांना आधी ग्रीस किंवा जुन्या तेलाचा हात द्या, पण ते तेल जमिनीवर गळू देऊ नका. द्रावण जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीत किंवा साध्या लोखंडी टाकीत कधीही कालवू नका. त्यातून हायड्रोजन वायू तयार होतो आणि तो पेट घेऊ शकतो. प्लॅस्टिकचीच बादली वापरा.

४१ टक्के तीव्रतेच्या औषधाचे प्रमाण साधारण लिटरला १० मिली असते, तरी डब्यावरचे प्रमाण आणि तुमच्या भागातले नियम अंतिम माना. पाणी स्वच्छ हवे, कारण गढूळ पाण्यातले मातीचे कण औषध धरून ठेवतात. पानांवरची धूळही तेच करते. हे औषध हिरव्या पानांतूनच शिरते, म्हणून आदल्या दिवशी गवत कापून फवारणे वाया जाते. पंपाला हूड (फवारा बाजूला उडू न देणारे नोझलवरचे झाकण) लावा, दाब कमी ठेवा, वारा पडलेला असताना फवारा आणि पुढचे सहा तास पाऊस नको. नंतर आठवडाभर तरी कापू नका, औषध मुळांपर्यंत पोचू द्या. लव्हाळ्याला नवे कोंब आल्यावर पुन्हा फवारावे लागते. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा. विशेषतः २,४-डी वापरलेला पंप कापूस, टोमॅटो किंवा द्राक्षावर गेला तर त्याचा अंशही पीक वाकडे करतो.

प्रश्न : रोटाव्हेटरच्या शाफ्टला वेल आणि गवत गुंडाळले आहे. ट्रॅक्टर जोडून फिरवले तर सुटेल ना?

सुटणार नाही, उलट आवळेल. सुकलेले तंतू बेअरिंगच्या बाजूच्या ऑईल सीलखाली शिरतात, सीलची कड कापतात आणि तेल गळू लागते. आधी पीटीओ शाफ्ट, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद यंत्राला देणारा दांडा, काढा. यंत्र उचलायचे असेल तर खाली भक्कम ठोकळे द्या, नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर खाली हात घालू नका. हातात जाड मोजे घाला, आत साप-विंचू असू शकतो, म्हणून प्रथम काठीने हलवून पाहा. मग बाकदार सुरीने शाफ्टच्या लांबीच्या दिशेने चिरा देत गवत मोकळे करा. ओढून काढू नका, सीलजवळचा तुकडा चिमट्याने काढा.

रोटर हाताने पूर्ण फेरा फिरवा. अडखळला तर जोर न लावता तिथेच शोधा. सीलभोवती तेलकट काळी धूळ दिसली तर सील गेले समजा. गिअर बॉक्समधले तेल दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे, तेल बदलल्याशिवाय चालवू नका.

प्रश्न : ट्रॉलीखाली वाळलेले गवत आणि गाजर गवत आहे. जाळून टाकावे का?

नको. टायर, होज पाइप, वायरिंग, सांडलेले डिझेल, सगळे तिथेच आहे. वाळलेले गवत दंताळ्याने ओढून बाहेर न्या. गाजर गवत फुलायच्या आत, जमीन ओली असताना मुळासकट उपटा. एका झाडाला हजारो बी धरते आणि ते चाकांच्या चिखलातून थेट शेतात जाते. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, अनेकांच्या अंगावर त्याने पुरळ उठते. टायरला आणि होज पाइपला लागून ग्रास कटर चालवू नका. त्याची दोरी व्हॉल्व्ह आणि वायरी तोडते, खडेही उडवते. त्या अर्ध्या फुटात विळाच बरा.