वाचक विचारतात : जपानमधला परकेपणा

या महिन्यातील तीन पत्रे जपानच्या वास्तव्याविषयी आहेत. त्यांचा एकमेकांशी संबंध असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : मी पुण्यातील एका वाहनउद्योगात अभियंता असून सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी नागोयाला आले आहे. सुरुवातीचे दिवस आनंदात गेले. स्वच्छ रस्ते, वेळेवर धावणाऱ्या गाड्या, सगळ्याचेच कौतुक वाटत होते. आता मात्र संध्याकाळी खोलीवर आले की रडू येते. गाडीत कोणी कोणाशी बोलत नाही. सहकारी नम्र आहेत, पण कामाचे काही विचारले तर स्पष्ट उत्तर देत नाहीत. परवा तर मी ठेवलेली कचऱ्याची पिशवी गाडीने नेलीच नाही, वर सूचनेची चिठ्ठी चिकटवून ती सर्वांच्या देखत तशीच सोडून दिली. फार अपमान वाटला. ही माणसे आपल्याला टाळत आहेत का? — वाचक भगिनी, नागोया

उत्तर : नाही, टाळत नाहीत. तुम्हाला जे होत आहे ते परदेशात राहायला गेलेल्या असंख्य माणसांना झाले आहे आणि त्याचा अभ्यासही बराच झाला आहे. ‘कल्चर शॉक’ ही कल्पना लोकांपर्यंत पोचवली ती कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने. 1954 साली रिओ दि जानेरो येथे परदेशी रहिवाशांपुढे दिलेल्या व्याख्यानात त्याने सांगितले की आधी कौतुकाचे दिवस येतात, मग चिडचिडीचे आणि उदासीचे, आणि त्यानंतर माणूस हळूहळू रुळतो. पुढच्या संशोधनात हा क्रम प्रत्येकाच्या बाबतीत खरा ठरला नाही. न्यूझीलंडला शिकायला गेलेल्या जपानी विद्यार्थ्यांच्या 1998 सालच्या एका अभ्यासात सर्वाधिक त्रास अगदी सुरुवातीलाच आढळला. म्हणून आपण कोणत्या टप्प्यावर आहोत याचा हिशेब मांडत बसू नका. ओबर्गने सांगितलेले कारण मात्र आजही पटते : घरी ज्या शेकडो बारीकसारीक खुणा आपण विचार न करता ओळखतो, त्या परक्या मुलखात एकदम नाहीशा होतात. कधी हसायचे, कुठे उभे राहायचे, समोरच्याच्या गप्प बसण्याचा काय अर्थ घ्यायचा, हे प्रत्येक वेळी ठरवावे लागते आणि त्यातच माणूस दमून जातो. तुमचे संध्याकाळचे रडू मला मुख्यतः या थकव्याचे वाटते, आणि म्हणूनच त्याचा उपायही अशाच लहान गोष्टींपासून सुरू करावा असे माझे मत आहे.

कचऱ्याच्या पिशवीपासूनच सुरुवात करू. नागोयाजवळ समुद्रकाठी फुजिमाए नावाची दलदलीची भरतीपट्टी आहे आणि तेथे दूरदेशीचे पक्षी हजारोंनी उतरतात. शहराची कचरा टाकण्याची जागा भरत आली तेव्हा हीच पट्टी बुजवून तेथे कचरा टाकण्याची योजना होती. नागरिकांच्या विरोधानंतर ती योजना 1999 च्या आरंभी सोडून द्यावी लागली आणि लगेच फेब्रुवारीत महापालिकेने कचऱ्याची आणीबाणी जाहीर केली. मग घरोघरी वर्गीकरण सुरू झाले : जळणारा कचरा वेगळा, प्लास्टिकची वेष्टने वेगळी, बाटलीचे झाकण आणि वरचा कागद काढून बाटली वेगळी, आणि प्रत्येकाचा वार ठरलेला. लोकांनी हे निष्ठेने केले, कचरा खरोखरच घटला आणि 2002 साली फुजिमाएला जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळाले. तुमच्या पिशवीवरची चिठ्ठी या इतिहासातून आलेली आहे. ती कोणत्याही चुकलेल्या पिशवीवर लागते, मग ती जपानी कुटुंबाची का असेना. ती जपून ठेवा, सहकाऱ्याला दाखवून त्यावर काय लिहिले आहे ते विचारा, आणि प्रभागातून मिळणारे वर्गीकरणाचे पत्रक स्वयंपाकघरात डोळ्यांसमोर लावा. सुट्टीच्या दिवशी फुजिमाएला जाऊन ते पक्षी पाहूनही या. नियमामागची जागा डोळ्यांनी पाहिली की त्या नियमाचा जाच बराच कमी होतो.

गाडीतल्या शांततेचेही तसेच आहे. आपल्याकडे लोकलच्या डब्यात अनोळखी बायका भाजी निवडता निवडता सुखदुःख सांगतात, म्हणून तिथले मौन आपल्याला तुसडेपणाचे वाटते. पण गर्दीत दुसऱ्याला आपला उपद्रव होऊ नये ही तिथली शिकवण लहानपणापासूनची आहे. फोन आवाज बंद करून ठेवण्याची विनंती डब्यात पुन्हा पुन्हा केली जाते, ती सर्वांनाच असते. त्या शांततेत तुमच्याविषयी काहीही बोलले जात नाही हे एकदा मनाशी पक्के केले की तो अर्धा तास विश्रांतीचाही होऊ शकतो.

सहकाऱ्यांच्या अस्पष्ट उत्तरांबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण कामाचा ताण तिथूनच वाढतो. समोरचा माणूस मान किंचित कलती करतो, दातांतून श्वास आत ओढतो आणि ‘ते जरा…’ एवढे म्हणून वाक्य अर्धवट सोडतो. हा बहुतेक वेळा नकार असतो. चारचौघांत तोंडावर नाही म्हणून तुमचा मान कमी करू नये, हा त्यामागचा हेतू असतो. अशा वेळी पुन्हा पुन्हा विचारून त्याला कोंडीत पकडण्यापेक्षा प्रश्नच बदलावा : ‘हे शुक्रवारपर्यंत होईल का?’ याऐवजी ‘हे करायला कोणकोणत्या अडचणी आहेत?’ असे विचारले की माणसे मोकळेपणाने आणि तपशिलाने बोलतात. शिवाय बैठकीत न मिळालेले उत्तर पुष्कळदा बैठकीनंतर एकट्याने विचारल्यावर मिळते.

रोजच्या दिवसात दोन-तीन ठिकाणे आपली करून घ्या. एकाच दुकानातून भाजी आणा, एकाच ठिकाणी चहा घ्या, जाता-येता तिथल्या माणसांना अभिवादन करा. ओळखीचे दोन चेहरेसुद्धा मोठा आधार देतात. घरी फोन अवश्य करा, पण वेळ ठरवून. रात्रभर पुण्याच्या बातम्या पाहत राहिले तर शरीर नागोयात आणि मन पुण्यात, अशी ओढाताण वाढते. सकाळी कुकर लावून वरण-भात करणे यात कमीपणा मुळीच नाही. सरकत्या जिन्यावर मात्र घाई करू नका. नागोयात ऑक्टोबर 2023 पासून दोन्ही बाजूंना उभे राहूनच जाण्याचा नियम आहे, आणि इतर शहरांतून आलेले जपानी लोकही तिथे गोंधळतात.

एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. झोप उडणे, जेवण न जाणे, कामावर जाण्याची भीती वाटणे हे दोन आठवड्यांहून अधिक चालले तर ते सवयीवर सोडू नये. जपानमध्ये 50 किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक आस्थापनेला वैद्यकीय अधिकारी नेमावा लागतो. त्यांची भेट मागण्यात संकोच बाळगू नका.

प्रश्न : मुलीकडे तोक्योला एप्रिलमध्ये महिनाभर जात आहोत. आम्ही दोघेही साठीच्या पुढचे, शुद्ध शाकाहारी. ‘तिकडे उपास पडेल’ असे सगळे सांगतात, त्यामुळे जाण्याचा उत्साहच गेला आहे. — एक वाचक, सांगली

उत्तर : उपास पडणार नाही, पण डोळसपणे जायला हवे. खरी अडचण दिसणाऱ्या मांसमच्छीची नसून न दिसणाऱ्या रश्शाची आहे. बोनिटो नावाचा मासा वाळवून, त्याचे कीस काढून केलेला ‘दाशी’ हा अर्क मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) घातलेल्या सूपमध्ये, नूडल्सच्या पाण्यात, भाज्यांच्या शिजवणीतही असतो. वाढणाऱ्याला ‘मांस नको’ म्हटले की तो प्रामाणिकपणे मांस काढतो आणि दाशी राहतो. म्हणून ‘मासा, मांस आणि माशाचा दाशी चालत नाही’ असे जपानीत लिहिलेले कार्ड मुलीकडून करून घेऊन खिशात ठेवा. पाकिटावरच्या ॲलर्जीच्या यादीवरही विसंबू नका. त्या यादीत अंडे, दूध, गहू यांसारखे पदार्थ छापणे सक्तीचे आहे, बोनिटो नाही. पूर्ण घटकसूची मोबाइलच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून वाचावी.

तोक्योच्या पूर्वेकडील निशी-कासाई भागात 2000 च्या सुमारास संगणक क्षेत्रातील भारतीय मोठ्या संख्येने राहू लागले. तेथे डाळी, कणीक, मसाले मिळतात. अंबरनाथला जन्मलेले आणि पुण्यात वाढलेले योगेंद्र पुराणिक हा भाग ज्यात येतो त्या एदोगावा प्रभागाच्या सभेवर 2019 मध्ये निवडून आले होते.

आणि शक्य असेल तर कोयासानला दोन दिवस जाच. वाकायामा प्रांतातील या डोंगरावर कूकाई या बौद्ध भिक्षूला 816 साली मठासाठी जागा मिळाली. तिथल्या मठांत मुक्काम करता येतो आणि भिक्षूंचे जेवण मिळते : समुद्रशेवाळाचा दाशी, तिळापासून केलेला तोफूसारखा मऊ पदार्थ, रानभाज्या, लोणची, कांदा-लसूणसुद्धा नाही. काही मठांत पहाटे होम होतो आणि ब्राह्मीपासून निघालेल्या सिद्धम लिपीतील बीजाक्षरे तिथे आजही लिहिली जातात. इतक्या दूर जाऊन असा होम पाहताना तुम्हा दोघांना काय वाटेल, ते मला जरूर कळवा.

राहता राहिले शिष्टाचार. दारात चपला काढून त्यांची टोके दाराकडे करून ठेवायची. तातामीच्या चटईवर सपाताही चालत नाहीत आणि स्वच्छतागृहातल्या सपाता तिथेच सोडून बाहेर यायचे. भाताच्या वाटीत जेवणाच्या काड्या उभ्या खोचू नयेत, ती अंत्यविधीची रीत आहे. कचऱ्यासाठी जवळ एक पिशवी ठेवावी, कारण 1995 च्या भुयारी रेल्वेतील विषारी वायूच्या हल्ल्यानंतर अनेक स्थानकांवरील कचरापेट्या काढून टाकण्यात आल्या.

प्रश्न : ओसाकाला दोन वर्षे राहून यजमान परत आले आहेत. आता त्यांना इथले काहीच पटत नाही. हॉर्न, रांगा, उशीर, सगळ्यावर चिडतात आणि जेवताना सासूबाईंपुढे तुलना करतात. त्या दुखावल्या आहेत. — वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : परतणाऱ्यालाही धक्का बसतो, हे जॉन आणि जीन गलाहॉर्न या अमेरिकी दांपत्याने 1963 मध्येच मांडले. जाताना माणूस मनाची तयारी करून जातो. येताना ती कोणीच करत नाही, कारण आपण घरीच तर चाललो आहोत असे वाटते. यजमानांना ओसाकाविषयी बोलू द्या, निदान तुमच्यापाशी तरी. तिथल्या मित्रांशी त्यांचा संपर्क राहू द्या, आणि कचऱ्याचे वर्गीकरण किंवा वेळ पाळणे यांसारख्या सवयी त्यांना घरात चालू ठेवायच्या असतील तर सर्वांनी साथ द्यावी. मात्र जेवताना सासूबाईंपुढे तुलना नको, हे त्यांना एकांतात स्पष्ट शब्दांत सांगा. हे त्यांनी पाळायलाच हवे. दोन वर्षे त्यांची वाट त्या माउलीनेही पाहिली आहे.