पावत्यांच्या पिशवीपासून सुरुवात कर

प्रश्न : मी केज तालुक्यातली, बीएच्या तिसऱ्या वर्षाला आहे. समाजकार्यात एमए करायचंय, त्यासाठी एका शिष्यवृत्तीचा अर्ज भरतेय. ‘तुम्हाला घडवणारा एक प्रसंग’ यावर ५०० शब्द लिहायचेत. मी आठवीत असताना वडील ऊसतोडीला गेले होते, तिकडेच रात्री उसाची खेप कारखान्यावर टाकून परतताना अपघातात वारले. त्यावर लिहिलं तर दया मागितल्यासारखं होईल का? लिहायला बसले की रडू येतं, नाहीतर काहीच आठवत नाही. कच्चा निबंध जोडलाय. अर्जाला वडिलांचा मृत्यूचा दाखलाही लागतो, पण आमच्या ग्रामपंचायतीत त्यांची नोंदच नाही.

उत्तर : वडिलांवर जरूर लिही. मात्र जोडलेला निबंध बाजूला ठेव. ‘माझा जन्म एका गरीब कुटुंबात झाला’ इथून तो सुरू होतो आणि पुढे ‘संघर्ष’, ‘परिस्थिती’, ‘डोंगर कोसळला’ हे शब्द येत राहतात. बीड जिल्ह्यातून येणाऱ्या कितीतरी अर्जांत हेच शब्द असतात. वाचणाऱ्याला त्यांत तू दिसत नाहीस आणि वडीलही दिसत नाहीत.

तुझा खरा निबंध तुझ्या पत्राच्या शेवटच्या पानावर आहे. टोळी गावी परतल्यावर तू आणि आई मुकादमाकडे, म्हणजे मजुरांची टोळी नेणाऱ्या कंत्राटदाराकडे, हिशेबाला गेलात. उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, फिटली नाही, बाकी निघते, असं त्यांनी सांगितलं. वडिलांनी उसाच्या वजनकाट्याच्या पावत्या खताच्या पिशवीत जपून ठेवल्या होत्या. त्या तू ओट्यावर तारखेप्रमाणे लावल्यास, तेव्हा दोन खेपा मुकादमाच्या वहीत चढल्याच नव्हत्या असं दिसलं. हे सगळं तू तीन ओळींत उरकलंयस! तेरा वर्षांची मुलगी मोठ्या माणसांसमोर पावत्या मांडते, यात दया मागण्यासारखं काही नाही. ती काय बघते आणि काय करते, हेच निवड समितीला हवं असतं.

शब्दांची वाटणी अशी ठेव. पहिले ६०-७० शब्द थेट ओट्यावर, पावत्या आणि वही. मृत्यू एकाच वाक्यात सांग : कोणता महिना, कुठे, कसा. अपघाताचं वर्णन नको. ते लिहिताना तू कोलमडतेस आणि वाचणारा अवघडतो. मग साधारण २०० शब्द हिशेबाला दे. फरक किती रुपयांचा होता ते पत्रात नाही, निबंधात मात्र आकडा हवाच. मुकादम काय म्हणाले, आई काय म्हणाली, शेवटी किती मान्य झालं, तेही लिही. काहीच मान्य झालं नसेल तर तसंच लिही, शेवट गोड करू नकोस.

८० शब्द वडिलांसाठी राख, जिवंत असतानाच्या वडिलांसाठी. वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या विकून आलेल्या पैशांतून त्यांनी तुला कंपासपेटी आणली, असं तू सहज लिहून गेलीयस. तेवढी एक आठवण पुरे. ‘ते माझे आदर्श होते’ हे मग वेगळं लिहावं लागत नाही. उरलेल्या दीडशेत तिथून एमएपर्यंतचा धागा : ऊसतोड कुटुंबांबरोबर नेमकं कोणतं काम करायचंय, त्यासाठी काय शिकायचंय. ‘समाजसेवा करायची आहे’ एवढ्यावर थांबलीस तर आधीचं सगळं वाया जाईल.

काहीच आठवत नाही म्हणतेस, ते थेट निबंध लिहायला बसतेस म्हणून. आधी फक्त टिपणं काढ. आईला आणि आजीला विचार : उचल किती घेतली होती, कोपी म्हणजे राहायची झोपडी कुठे पडली होती, फोनवर शेवटचं बोलणं काय झालं. सहा महिने तू आजीजवळ होतीस, तेव्हा तिकडचं तुला ऐकूनच ठाऊक. तिथे ‘आई सांगते’ असं स्पष्ट लिही. दुपारी, हाताने, एका वेळी पंचवीस मिनिटंच लिही. रात्री या विषयाला हात लावू नकोस. रडू आलं तर वही मिट आणि दुसऱ्या दिवशी त्याच ओळीपासून पुढे जा.

मुकादमाचं आणि कारखान्याचं नाव घालू नकोस. ‘आई अजून त्याच टोळीत जाते’ असं तू लिहिलंयस. अर्ज कुणाकुणाच्या हातात जाईल ते आपल्याला माहीत नसतं, आणि पुढची उचल आईला तिथूनच घ्यायचीय.

अर्ज इंग्रजीत असला तरी आधी मराठीत लिही. मुकादम, उचल, कोयता हे शब्द तसेच ठेवून पहिल्यांदा येतील तिथे अर्थ दे. नवरा-बायकोच्या जोडीलाही आपल्याकडे ‘एक कोयता’ म्हणतात. ते सांगितलं नाही तर वाचणाऱ्यासमोर नुसतं हत्यार येईल, आणि वडील गेल्यावर आईचा कोयता मोडला म्हणजे काय झालं, ते त्याला कळणार नाही.

मुलाखतीत याच प्रसंगावर विचारतील. उत्तर दोन-तीनदा मैत्रिणीसमोर मोठ्याने बोलून बघ. गळा दाटला तर पाणी माग. अपघाताबद्दल खोदून विचारलं तर ‘त्याबद्दल एवढंच सांगायचंय’ म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे.

आता दाखला. मृत्यूची नोंद राहत्या गावी होत नाही, मृत्यू जिथे झाला तिथल्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत होते. वडील दवाखान्यात नेल्यावर गेले असतील तर दवाखाना ज्या हद्दीत, तिथे. आधी तिथे चौकशी कर. नोंद मुळातच झाली नसेल तर वर्ष उलटून गेल्यामुळे दंडाधिकाऱ्याचा आदेश लागेल. त्यासाठी पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदन अहवालाची प्रत उपयोगी पडते. यात वेळ जातो, म्हणून निबंधाआधी हे काम हातात घे. उत्पन्नाचा दाखला आता आईच्या नावाने काढ. आणि अर्जात वडिलांच्या नावाआधी ‘कै.’ लिहू नकोस. गुणपत्रिकेवर जसं नाव आहे, अक्षर न् अक्षर तसंच हवं.

निबंध पुरा झाला की पाठवण्याआधी आईला सावकाश वाचून दाखव. एखादं वाक्य तिला नको असेल तर काढ, आणि खेपांचा आकडा ती वेगळा सांगत असेल तर पावत्या पुन्हा मोज.