सक्तीची संगीत खुर्ची

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत मशीन शॉप (यंत्रांचे सुटे भाग घडवणारा कारखाना) चालवणारे एक उद्योजक माझ्याकडे आले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) त्यांची तक्रार मालक मंडळींकडून मी नेहमीच ऐकते. "मॅडम, महिन्याच्या शेवटच्या शनिवारी खेळ ठेवतो, बक्षिसे देतो, नाश्ता देतो, तरी कुणाच्या चेहऱ्यावर हसू म्हणून नाही. आमचीच माणसे अशी आहेत का?"

एका शनिवारी मी स्वतः तिथे गेले. साडेपाचला पाळी सुटल्यावर खेळ सुरू झाले. संगीत खुर्चीत गाणे थांबले, तेव्हा एक ज्येष्ठ टर्नर समोर रिकामी खुर्ची असूनही बसले नाहीत, कारण बाद झालेल्याला घरी जाता येत होते. थोड्या वेळाने मालकांनी माइकवरून एका तरुण ऑपरेटरला 'आमचे रिजेक्शन मास्टर', म्हणजे सर्वाधिक माल बाद करणारे, म्हणून पुढे बोलावले. सगळे हसले, तोही हसला, पण मान खाली घालून. नंतर एकट्याशी बोलताना त्याने सांगितले की बिघडलेला जॉब, म्हणजे यंत्रावर घडवलेला भाग, तो आता रिजेक्शनच्या वहीत न लिहिता भंगाराच्या पेटीत तळाशी सरकवतो.

कॅन्टीनच्या भिंतीवर सूचना होती : 'येथे फुटबॉलची चर्चा करू नये.' कोल्हापुरात, जिथे पेठापेठांतल्या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरले की अर्धे शहर तिकडे लोटते, तिथे ही सूचना! पूर्वी एकदा दोन गटांत हमरीतुमरी झाली होती, म्हणून ती लावलेली. म्हणजे फुकट मिळणारी गंमत बंद करून हे गृहस्थ विकतची गंमत आणत होते.

मोकळीक दिली की शिस्त जाते, ही त्यांची भीती मला अगदीच निराधार वाटली नाही. चालू लेथवर थट्टा नकोच, आणि कॉम्प्रेसरची हवा गमतीने अंगावर सोडण्यातून जिवावर बेतू शकते. पण एकमेकांची खेचणे वेगळे आणि चुकणाऱ्याची सर्वांसमोर टवाळी वेगळी. कामाच्या ठिकाणच्या वर्तनाच्या अमेरिकी अभ्यासक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतील गटांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या गटांत चुकांची नोंद कमी नव्हे, तर जास्त आढळली, कारण तिथे चूक बोलून दाखवायला माणसे घाबरत नव्हती. 1999 मध्ये त्यांनी यालाच गटाची मानसिक सुरक्षितता म्हटले. अशी निर्धास्ती नसेल, तर हसूसुद्धा साहेबांचा चेहरा पाहून उमटते.

मी सुचवले की खेळ पाळीच्या वेळेत घ्यावेत, सहभाग ऐच्छिक ठेवावा, ती सूचना काढावी आणि चुकीवर विनोद करायचाच तर मालकांनी स्वतःच्या चुकीवर करावा. वेळेच्या मुद्द्यावर त्यांनी बरीच घासाघीस करून अर्धा तास मंजूर केला. शेवटची गोष्ट मात्र त्यांनी मनापासून केली : चुकीच्या मापाची ऑर्डर घेऊन पुण्याहून परत आलेल्या अख्ख्या टेम्पोचा किस्सा त्यांनी कॅन्टीनमध्ये रंगवून सांगितला.

दीड महिन्याने त्यांचा घाबऱ्या आवाजात फोन आला, "मॅडम, फुटबॉलवरून कॅन्टीन डोक्यावर घेतात ते ठीक, पण रिजेक्शन वाढले हो!" मी त्यांना भंगारवाल्याच्या पावत्या काढायला सांगितल्या. वहीतला आकडा वाढला होता, पण भंगाराचे वजन आधीच्या महिन्याइतकेच होते.