घरच्या कार्डावर हिपॅटायटिस सी च्या दोन रेघा आल्या, आता काय?

हल्ली हा प्रश्न फार येतो. हिपॅटायटिस सी म्हणजे व्हायरसने होणारा लिव्हरचा आजार, त्याच्या टेस्टचं कार्ड ऑनलाइन मागवलं, बोट टोचून घरीच टेस्ट केली, दोन रेघा आल्या, आता लिव्हर गेलं का, बायकोपोरांना झालं असेल का. मी सोलापुरात समुपदेशन करते, त्यातलीच एक केस सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

पस्तिशीतला माणूस, टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघणारा. आंबेडकर जयंतीच्या शिबिरात रक्तदान केलं आणि काही दिवसांनी रक्तपेढीतून फोन, की जरा येऊन भेटा. रक्तपेढीत प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरियाची तपासणी होते, काय निघालं ते फोनवर सांगत नाहीत आणि ते बरोबरच आहे, पण ऐकणाऱ्याच्या डोक्यात पहिला शब्द एड्सच येतो ना. हा गेलाच नाही. रात्री मोबाइलवर शोधून एचआयव्हीचं आणि सी चं, दोन्हीची पाकिटं मागवली, कारखान्याच्या पत्त्यावर. एचआयव्हीचं निगेटिव्ह आलं, सी च्या कार्डावर मात्र दोन रेघा.

मग याने स्वतःच निकाल लावला. ताट वेगळं, तांब्या वेगळा, झोपायला माळ्यावर, पोरगी गळ्यात पडायला आली की ढकलून द्यायची. बायकोला काही सांगेना, तिला वाटलं बाहेर काहीतरी लफडं आहे. आईला एवढंच कळलं की 'काविळीचं काहीतरी' आहे, तिने काविळीची माळ घालून आणायची तयारी सुरू केली. शेवटी बायकोनेच ओढत आणलं माझ्याकडे. "अक्का, याला बोलतं करा, मला काय समजंना." आणि तो मान खाली घालून, "घरी तोंड दाखवायला लाज वाटालीय मॅडम."

मी आधी कार्डाचा फोटो मागितला. कार्डावर 'सी' आणि 'टी' अशी दोन अक्षरं असतात, 'सी' समोरची रेघ आली म्हणजे हिपॅटायटिस सी झाला असं कित्येक जण धरून चालतात, ती रेघ फक्त कार्ड नीट चाललं एवढंच सांगते, ती नाही आली तर ते कार्डच बाद. बघायची ती 'टी' समोरची. आणि पाकिटावर लिहिलेल्या वेळेतच बघायची, तासाभराने कचऱ्यातून काढून परत बघितलं तर वाळलेल्या कार्डावर भलतीच रेघ दिसू शकते. याची रेघ फिकट होती पण वेळेत आलेली, म्हणजे पॉझिटिव्हच धरायची, फिकट म्हणजे आजार थोडा असा काही हिशोब नसतो.

पण पॉझिटिव्ह म्हणजे काय ते कार्डाच्या पाकिटावर कोणी नीट समजावत नाही. हे कार्ड व्हायरस शोधत नाही, व्हायरसशी लढायला शरीराने बनवलेल्या अँटिबॉडी शोधतं. चौकीच्या डायरीत चोर आल्याची नोंद आहे एवढंच कळलं, चोर अजून घरात आहे का निघून गेला ते डायरी सांगत नाही. लागण झालेल्या शंभरातल्या साधारण तीस जणांच्या शरीरातून हा व्हायरस सहा महिन्यांत औषधाशिवाय निघून जातो, रेघ मात्र त्यांचीही येते. म्हणून दुसरी टेस्ट लागते, आरएनए, म्हणजे रक्तात खुद्द व्हायरस आहे का ते शोधणारी, लोक व्हायरल लोड म्हणतात ती, त्यासाठी शिरेतून रक्त द्यावं लागतं. ती होईपर्यंत माळ्यावर झोपायचं काही कारण नाही.

आणि ती आल्यावर पण नाही. हा आजार रक्तातून रक्तात जातो, एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, खोकल्याने नाही. रेझर, टूथब्रश, नेलकटर वेगळं ठेवा, बस. नवरा-बायकोच्या संबंधातून पसरायचा धोका खूप कमी असतो, आणि नवऱ्याला निघाला म्हणून तो बाहेर गेला असं तर अजिबात नाही, हे मी बायकोकडे बघून दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "मग आला कुठनं?" हा लहान असताना मोठा अपघात झालेला, रक्त चढवलेलं. आपल्याकडे दान केलेल्या रक्ताची सी साठी तपासणी सक्तीची झाली ती 2002 च्या आसपास, मुळात हा व्हायरस ओळखला गेलाच 1989 मध्ये. त्यातून आला असेल, किंवा एखाद्या न उकळलेल्या सुईतून, खात्रीने कोणीच सांगू शकत नाही आणि त्या शोधात घरं मोडतात, म्हणून मी तो विषय तिथेच थांबवते. वीस वर्षं अंगात असून कळलं कसं नाही? बहुतेकांना कळतच नाही, डोळे पिवळे होत नाहीत, काही दुखत नाही, आणि तेवढ्या वर्षांत शंभरातल्या पंधरा ते तीस जणांचं लिव्हर आक्रसून सिरॉसिसपर्यंत जातं. माळ घालून यातलं काही थांबत नाही. आईंना मी सरळ सांगितलं, साधी कावीळ दूषित पाण्यातून होते आणि बहुतेक वेळा आपोआप उतरते म्हणून माळेचं नाव होतं, ही तशी नाही.

बायकोची टेस्ट निगेटिव्ह. पोरीला जन्मतः येऊ शकतो तो फक्त आईकडून, त्यामुळे तिची काळजी मिटली. याचा आरएनए मात्र डिटेक्टेड आला. त्या दिवशी तो रडला, पण बातमी त्याला वाटत होती तेवढी वाईट नव्हती. 2018 पासून सरकारचा व्हायरल हिपॅटायटिसचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्यात तपासणी आणि औषध फुकट मिळतं, त्याला सिव्हिलला पाठवलं. तिथे आधी हिपॅटायटिस बी ची टेस्ट करतात, कारण बी लपून बसलेला असेल तर सी च्या गोळ्यांनी तो उसळू शकतो, आणि लिव्हर किती खराब झालंय ते बघतात. मग बारा आठवडे रोज गोळी, शंभरातले पंच्याण्णवच्या वर बरे होतात. दारू बंद, आणि ॲसिडिटीची, हार्टची, जी काही गोळी चालू असेल ती डॉक्टरांना आधी दाखवायची, काही गोळ्या या औषधाबरोबर चालत नाहीत.

कोर्स संपला आणि आठवड्याच्या आत रात्री अकराला फोन. "मॅडम, गेला नाही की ओ, दोन रेघा परत!" पाकिटात एक कार्ड उरलं होतं, तेच वापरलं याने. अहो त्या रेघा आता जन्मभर येणार, अँटिबॉडी जात नाहीत, बरं झालं का हे त्या कार्डाला कधीच कळणार नाही. ते कळतं परत आरएनए करूनच, तीही गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनी. डिसेंबरात ती झाली, नॉट डिटेक्टेड.

उलटी गल्लत पण सांगते. एका नर्सताईंना वापरलेली सुई टोचली, चौथ्या दिवशी कार्ड निगेटिव्ह आलं म्हणून त्या निवांत. अँटिबॉडी तयार व्हायला दोन-अडीच महिने लागतात, कधी जास्त. आरएनए एक-दोन आठवड्यांत सापडू शकते, म्हणून सुई टोचली तर कार्डाच्या भरवशावर न राहता लगेच डॉक्टर गाठायचा.

बरा झाल्यावर याला परत होऊ शकतो का, तर हो, बी सारखी सी ची लस नाही आणि एकदा होऊन गेला म्हणून संरक्षण मिळत नाही. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत पुतण्याला टॅटू काढायचा होता, तर हाच पुढे झाला म्हणे, सुईचं पाकीट माझ्यासमोर फोड, आणि शाई पण त्या वाटीतली नको, नवीन ओत. टॅटूवाला म्हणाला, "डॉक्टर आहे का बे तू?"