देवावर राग आला म्हणजे विश्वास गेला का?

"मॅडम, मी दर रविवारी उपासनेला जाते. गाणीही म्हणते. पण प्रार्थनेला डोळे मिटले की आतून काही येतच नाही. माझा विश्वास गेला का?"

मिरजेतल्या माझ्या समुपदेशनाच्या छोट्या खोलीत हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. माणसं वेगळी असतात, दुःखं वेगळी असतात, भीती मात्र हीच. इथे सांगते ती एका ताईंची गोष्ट. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सांगलीत नदीच्या बाजूला त्यांचं भाड्याचं घर. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, फॉल-पिकोची कामं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. मशीन तर गेलीच, पण गिऱ्हाइकांच्या साड्याही चिखलात गेल्या आणि त्या भरून देता देता ताईंचं दीड वर्ष गेलं. तरी तेव्हा चर्चच्या मंडळीत साक्षीला उभं राहून त्या म्हणाल्या होत्या, "सामान गेलं, माणसं राहिली, प्रभूची स्तुती असो."

मग २०२१ चा मे आला. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत नवऱ्याला ऑक्सिजनवर ठेवलं. मंडळीने रात्रंदिवस साखळी प्रार्थना केली. अकराव्या दिवशी ते गेले. दफनाला चार माणसं होती. जुलैत पुन्हा पुराचं पाणी आलं आणि उंबऱ्याशी येऊन थांबलं.

त्यानंतर भेटायला आलेल्या एका बाईंनी, अगदी मायेने, सांगितलं, "ताई, प्रार्थनेत कुठेतरी शंका राहिली असणार." ताई तीन वर्षं ते वाक्य घेऊन जगत होत्या. नवरा आपल्या कमी विश्वासामुळे गेला, असंच त्यांना वाटत होतं.

माझ्या हातून पहिल्याच भेटीत चूक झाली. त्यांचं बोलणं पुरतं संपायच्या आत मी बायबलमधल्या रोमकरांच्या पत्रातलं वचन पुढे केलं, देव सर्व गोष्टी मिळून कल्याण घडवतो ते. त्यांनी मान हलवली, पदर सावरला आणि गप्प झाल्या. वचन खरं आहे, माझा त्यावर जीव आहे. पण त्या क्षणी मी ते दार लावून घ्यावं तसं वापरलं होतं. बायबलमधल्या ईयोबाचं सगळं गेलं तेव्हा त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, तेवढंच त्यांनी बरोबर केलं. तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. शेवटी देवाने बाजू घेतली ती ईयोबाची, जो अध्यायच्या अध्याय तक्रार करत होता.

दुसऱ्या भेटीत मी आधी झोपेचं विचारलं. रात्री जेमतेम तीन तास. भूक नाही. जीव नकोसा होतो का, हेही स्पष्ट विचारलं. तसं नाही म्हणाल्या, पण मी त्यांना मानसोपचार डॉक्टरांकडे पाठवलं. त्या बिचकल्या. "गोळ्या घेतल्या तर देवावर भरवसा नाही असं होईल ना?" मी म्हटलं, ताई, डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचं हॉस्पिटल सुरू केलं ते याच मिरजेत. ते औषध देत आणि प्रार्थनाही करत. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, उठवून भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. बोलणं नंतर.

गोळ्यांनी झोप सुधारली आणि मग कुठे आम्ही त्या बाईंच्या वाक्यापर्यंत पोचलो. प्रेषित पौलाने शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनंती केली आणि तो गेला नाही. पौलाचा विश्वास कमी पडला असं कोण म्हणेल? गेथशेमाने बागेत स्वतः येशूने प्याला टळावा म्हणून मागितलं आणि तो टळला नाही. ताई बराच वेळ हाताच्या बोटांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्यामुळे नाही गेले ते." हे वाक्य त्यांनी तीनदा म्हटलं.

एका भेटीत योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय काढला, येशू मेलेल्या लाजराला उठवतो तो. लाजराच्या बहिणी मार्था आणि मरीया दोघी वेगवेगळ्या येऊन येशूला एकच बोलतात, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. ताईंनी मला थांबवलं. "आणि निरोप मिळूनही तो दोन दिवस होता तिथेच राहिला. उशीर केला त्याने." आवाज चढला होता. "शिवाय त्यांचा भाऊ उठला. माझा माणूस नाही उठला."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तसं मी सांगितलं. बाहेर गाडीची शिट्टी वाजून गेली. त्या रडल्या, मीही रडले. नंतर एवढंच म्हटलं की येशू मार्थाला रागावला नाही, आणि काय करणार आहे हे ठाऊक असूनही तो तिथे रडला. हे जे तुम्ही आता मला बोललात, ते त्यालाच बोला.

"देवाला असं बोलायचं?"

बायबलच्या स्तोत्रसंहितेत कितीतरी स्तोत्रं अशीच आहेत. तेराव्यात तर सुरुवातच 'कुठवर?' अशी आहे. अठ्ठ्याऐंशीवं अंधारातच संपतं, शेवटी एकही सुखाची ओळ नाही, तरी ते प्रार्थनाच आहे. ज्याच्यावरचा भरवसा संपला त्याच्याशी माणूस भांडत नाही, बोलणंच टाकतो. ताईंनी तीन वर्षं तेच केलं होतं, आणि वर गोड गाणी म्हटली होती.

डोळे मिटून त्यांना जमत नव्हतं म्हणून आम्ही मशीन निवडली. पाय पॅडलवर, हात कापडावर, आणि तोंडाने जे येईल ते. पहिल्या आठवड्यात फक्त "का?" एवढंच आलं. नंतर नवऱ्याचं नाव आलं. मग एकदा शिवीसारखं काहीतरी निघालं, ते सांगताना त्या घाबरल्या होत्या. मंडळीतल्या त्या बाईंनाही त्या भेटल्या आणि "तुमच्या त्या बोलण्याने मला फार लागलं" असं सांगून आल्या.

आमच्या भेटी थांबल्याला बरेच महिने झाले. गेल्या पावसाळ्यात रात्री त्यांचा फोन आला. "सलाम मॅडम. पाणी ३० फुटांवर आलंय, मशीन माळ्यावर चढवली. आज त्याला म्हटलं, या वेळी लवकर ये, उशीर करू नकोस. आता झोपते."