‘द हंगर गेम्स’ या कादंबरीत इतकी पात्रं आहेत, लक्षात कोणाला ठेवायचं? (अकरावीतली मुलगी, पुणे)

सगळ्यांना ठेवायची गरजच नाही. सरकार चिठ्ठ्या काढून चोवीस मुलांना आखाड्यात उतरवतं, एकच जिवंत उरेपर्यंत एकमेकांना मारायला. त्यातल्या बऱ्याच जणांना तर नावही दिलेलं नाही.

कॅटनिस एव्हरडीन, वय १६, हीच गोष्ट सांगते. वडील खाणीतल्या स्फोटात गेले, तेव्हापासून धनुष्यबाण घेऊन चोरून शिकार करून ती घर चालवते. धाकट्या प्रिमचं नाव चिठ्ठीत निघतं, म्हणून तिच्या जागी ही जाते. तिचा शिकारीतला जोडीदार म्हणजे गेल. त्याच्या नावाच्या ४२ चिठ्ठ्या असतात, कारण धान्य-तेल हवं तर जास्तीच्या चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. म्हणजे जितकी गरिबी, तितका मरणाचा धोका. कादंबरीचं सगळं राजकारण इथेच कळतं.

पीटा बेकरीवाल्याचा मुलगा, कॅटनिससोबत तोही आखाड्यात जातो. पूर्वी कॅटनिस उपाशी असताना तो पाव करपवतो, आईचा मार खातो आणि डुकराला टाकायचा तो पाव तिच्याकडे फेकतो. माझ्या मते पुस्तकातला सगळ्यात भारी प्रसंग. ‘गेल की पीटा’ या वादात पडू नकोस, कॉलेजच्या कट्ट्यावर तो वर्षभर पुरतो!

हेमिच हा या दोघांचा कायम प्यायलेला मार्गदर्शक, पण डोकं तल्लख. बारा वर्षांची रू छोटीशी, तरी तिच्यामुळेच कॅटनिस बदलते. केटो म्हणजे लहानपणापासून तयारी केलेला प्रतिस्पर्धी. एफी, सिना ओघात कळतील. देशाचा अध्यक्ष स्नो मालिकेच्या या पहिल्या पुस्तकात फारसा दिसतच नाही.

अप्पा बळवंत चौकात जुनी प्रत मिळते का बघ.